ऑटो कोणाचा, मरण कोणाचे?

अकोल्याच्या जुन्या शहरात १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल पेटली आणि त्यात एक जण मारला गेला. तो मुसलमान नव्हता. पण त्याच्याकडचा ऑटो मुसलमानाचा होता, म्हणून त्यालाही मुसलमान समजून मारले, असे एका सतरा वर्षांच्या मुस्लिम मुलाचे म्हणणे. आपण हे पाहिले आणि मग मारेकऱ्यांनी आपल्यालाही सोडले नाही, असे तो सांगतो.

हे खरे की खोटे, ते मी येथे बसून ठरवणार नाही. ते तपासाचे काम. पण तपास व्हायला आधी गुन्हा तर नोंदवा! डोक्याला मार लागून मुलगा दवाखान्यात होता, वडिलांनी पोलीस अधीक्षकांना अर्ज दिला. तरी त्या मारहाणीचा गुन्हा नोंदला गेला नाही. नागपूर खंडपीठाने याचिका फेटाळली. अखेर ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे कान उपटले, गणवेश चढवल्यावर जात-धर्म बाजूला ठेवा असे बजावले आणि हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमायला सांगितले.

राज्य सरकारने फेरविचार मागितला. म्हणे, धर्म पाहून अधिकारी नेमणे धर्मनिरपेक्षतेत बसत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर दोन न्यायमूर्तींतच मतभेद झाला. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. बाबासाहेबांचे संविधान मानणाऱ्याला खाकीची अशी वाटणी रुचणार नाहीच. पण सरकारला धर्मनिरपेक्षता आठवली केव्हा? बाप अर्ज घेऊन फिरत होता तेव्हा ती कोठे होती?

अमरावतीनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये १२ तारखेचा मोर्चा, १३ चा बंद, तोडफोड, संचारबंदी, सारे पाहिले. संचारबंदी उठते, इंटरनेट सुरू होते. न नोंदलेला गुन्हा मात्र वस्तीत राहतो, कारण मारणारा आणि मार खाणारा रोज एकाच रस्त्याने जातात. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत आपण हे कमी भोगले आहे काय?

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच ठरले. ठाणेदार ऐकत नसेल तर आजच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी, तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. जखमी आपला असो की मुसलमान, कार्यकर्त्याने सोबत ठाण्यात जावे, अर्जावर शिक्का व तारीख घ्यावी आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.