दुकानाच्या कार्यक्रमाला लाइव्ह संगीत: कमी बजेटमध्ये कसं बसवायचं?



उद्घाटन असो की वर्धापनदिन, 'लाइव्ह म्युझिक ठेवू या' असं ठरलं की पहिला फोन ऑर्केस्ट्रावाल्याला जातो. बजेट तिथेच कोलमडतं. कारण मानधनासोबत साउंड, लाइट, स्टेज, टेम्पो, जेवण सगळंच येतं. म्हणून आधी बघा, विजेशिवाय वाजणारं काय चालेल?

सकाळी पूजा आणि फीत कापणं एवढंच असेल तर सनई-चौघडा घ्या. तीन-चार माणसं, एक सतरंजी, स्पीकर नको. आलेल्या गिऱ्हाइकाशी तुम्हाला बोलताही येतं. माझ्या मते छोट्या दुकानाला याच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही. रस्त्यावरची गर्दी खेचायची असेल तर बँजो पार्टी किंवा ढोल-ताशा, पण अर्धा तास पुरे. संध्याकाळी गाणीच हवीत तर एक गायक, एक कीबोर्ड, एक ढोलक. ट्रॅकवर गाणारा एकटा गायक आणखी स्वस्त पडतो (त्याला लाइव्ह म्हणायचं का, हा वाद वेगळा!).

आता भाव. लग्नसराईत मोठ्या मुहूर्ताला कुठलाही बँडवाला तुमच्या एका तासासाठी दिवसभराचं लग्न सोडणार नाही. तारीख दोन दिवस मागे-पुढे करता आली, आडवार पकडता आला, तर तोच संच कमीत येतो. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशाचा विचारच सोडा.

घासाघीस दरावर करू नका, माणसं आणि वेळ कमी करा. समजा बजेट १२,००० आहे आणि पाच जणांचा संच तीन तासांचे १८,००० मागतोय. 'बारात करा ना' म्हणालात तर ते हो म्हणतील, पण येतील तिघं, त्यातला एक नवशिका. त्यापेक्षा सरळ विचारा, 'तिघं जण, दीड तास, किती घ्याल?' माणशी ३,६०० धरले तरी तिघांचे १०,८०० होतात. कुणाच्या पोटावर पाय न देता काम झालं, वर चहा-नाश्त्याला १,२०० उरले.

परवानगीचं अनेकांच्या डोक्यातच नसतं. लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलिसांची लेखी परवानगी घ्या; रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर बंदच. दुसरं म्हणजे गाण्यांचे हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्न आणि लग्नाच्या वरातीला सूट आहे, दुकानाच्या कार्यक्रमाला नाही. त्यामुळे सिनेमाची गाणी गाऊन घेणार असाल तर आयपीआरएसचं लायसन्स किती पडेल ते आधी विचारून घ्या. सनईवर पारंपरिक धून वाजली तर हा खर्चच नाही.

सगळं ठरलं की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज टाका: तारीख, किती वाजता पोचायचं, किती जण, साउंड कुणाचा, जास्त वेळ झाला तर किती, अॅडव्हान्स किती, कार्यक्रम रद्द झाला तर काय. त्यावर समोरच्याचा 'ओके' घ्या. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या; एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेत तर आयकरात तो धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही.

आणि बाकी रक्कम वाजवून झाल्याबरोबर द्या, 'उद्या दुकानावर या' नको. पुढच्या वर्षी ऐन सीझनला तारीख मागायला फोन त्यालाच करायचाय.