कुवेतच्या दिनारांवर आलेली स्कूटर

आपल्या मंडळींत जुन्या दिवसांच्या गप्पा निघाल्या की कोणी चाळीची आठवण काढतं, कोणी मालिद्याची. आमच्या घरी मात्र हमखास स्कूटर निघते. निळी बजाज चेतक. ती आम्हांला कुवेतमुळे मिळाली, हे सांगितलं की आजची मुलं हसतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण त्या वेळी पैसे असूनही स्कूटर मिळत नसे. अनामत भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची, दहा-दहा वर्षे! आमच्या ह्यांनी 1973 साली नंबर लावला होता. चेतक बाजारात येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. आकुर्डीच्या कारखान्यातून गाड्या निघत होत्या, पण मागणीला पुरत नव्हत्या. लग्नात जावयाला स्कूटर कबूल करायची आणि नंबर लागेपर्यंत सासऱ्यानं तोंड लपवायचं, असे प्रकार आम्ही पाहिलेत. ज्याच्या हातात गाडी पडे, तो ती चढ्या भावानं विकूनही मोकळा होई.

आमच्या नर्सिंगच्या बॅचमधली एक मैत्रीण, वसईची ख्रिश्चन, 1975 साली कुवेतला सरकारी हॉस्पिटलात लागली. कुवेत म्हणजे मुंबईला काही परका मुलूख नव्हता. 1961 मध्ये त्यांचा स्वतःचा दिनार निघेपर्यंत तिथे आपलाच रुपया चालत असे. आता मात्र एका दिनाराला पंचवीस-तीस रुपये पडत. आणि परदेशातून असं चलन पाठवलं, तर घरच्यांना रांगेत न थांबता स्कूटर मिळण्याची सोय होती. सरकारला परकीय चलन हवं होतं ना! तिनं भावासाठी पैसे धाडले आणि थोड्याच दिवसांत गाडी वसईला दारात उभी. पण भावाला नेमकी बोटीवर नोकरी लागली. गाडी पडवीत धूळ खात राहिली.

बाजारात विकली असती तर तिला चांगले जास्तीचे पैसे सुटले असते. तिनं पत्र लिहिलं, ‘गाडी तुम्ही न्या. मूळ किमतीवर एक पैसा नको. आईला दर महिन्याला जमेल तसे द्या.’ कागदावर नाव भावाचंच राहिलं. हप्ते फेडायला आम्हांला अडीच वर्षे लागली. म्हातारीनं एकदाही आठवण करून दिली नाही. उलट दर वेळी सुकेळी बांधून देई.

गाडी घोडबंदरवरून ठाण्याला आणली तो दिवस काय सांगावा! चालवायला आधी हे शिकले, मग आम्ही. नऊवारीवाल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण रात्रपाळी संपवून सकाळी भरलेल्या बसला लोंबकळत यायचं, त्यापेक्षा हे बरं, हे त्यांनाही चार दिवसांत पटलं. डाव्या मुठीत क्लच आणि गीअर दोन्ही, मूठ पिरगाळायची की खट्ट आवाज. इंजिन एका बाजूला, म्हणून गाडी जरा कलती. सुरू झाली नाही तर डाव्या अंगावर आडवी करायची, मग किक. तेही नाही जमलं तर प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. आमच्या पर्समध्ये थर्मामीटरशेजारी प्लगचा पाना असे. धाकटा पुढे उभा, थोरली मधे, मागे डबा. अशा थाटात आम्ही कर्नाळ्याच्या वळणांवरून पेण, वडखळ करत अलिबागला गेलो आणि एलियाहू हनाबीच्या खडकाशी जाऊन आलो. परतताना पावसात चिंब. त्या वयात पडशाचंसुद्धा काही वाटत नाही.

हे सगळं आम्ही कुवेतला कळवायचो. तिची उत्तरं मजेशीर. तिकडे रस्त्यावर लांबलचक अमेरिकन गाड्या, पेट्रोल पाण्यासारखं, पण स्कूटरवर बसलेली बाई औषधालाही नाही. हॉस्पिटलची बस नर्सेसना खोलीपासून वॉर्डापर्यंत नेई आणि परत आणून सोडी. वरून उन्हाळा असा की दुपारी चालणं अशक्य. (2016 साली कुवेतात मित्रिबाला 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं!) ‘माझ्या स्कूटरला वारा लागू दे,’ असं ती प्रत्येक पत्रात लिही. ‘माझ्या’ हा शब्द आम्हांला कधी खटकला नाही.

1984 साली आम्ही इस्राएलला यायला निघालो. बोटीवरचा भाऊ तोवर परतला होता. गाडी त्यालाच दिली, घेतल्या किमतीत काय वजा करायचं ते त्यानंच ठरवलं. इकडे आल्यावर पत्रव्यवहार अवघड झाला. कुवेतचा इस्राएलवर बहिष्कार, सरळ टपाल नाही. आमचं पत्र आधी वसईला, तिथून दुसऱ्या पाकिटात कुवेतला.

2 ऑगस्ट 1990 ला इराकनं कुवेत घेतलं आणि ती पत्रंही थांबली. आम्ही लोदला रेडिओशी बसून. हिंदी लोकांना बगदादमार्गे अम्मानला आणतात आणि तिथून एअर इंडियाची विमानं मुंबईला नेतात, एवढंच कळे. त्या विमानांनी 1,11,000 हून अधिक माणसं नेली. त्यांत आपली एक आहे का, ते कोण सांगणार?

ऑक्टोबरात वसईचं पाकीट आलं. अक्षर तिचं. पंधरा वर्षांची बचत, दागिने, सामान सगळं तिकडेच. सहार विमानतळावर मध्यरात्री एका पिशवीनिशी उतरली. बाहेर भाऊ उभा होता, आणि त्याच्यामागे ती निळी चेतक. ‘इतकी वर्षं तुम्ही हिंडलात, शेवटी मलाच आणायला आली,’ असं तिनं लिहिलं होतं. वसईपर्यंत दोनदा प्लग घासावा लागला म्हणे.

त्या जानेवारीत इराकची क्षेपणास्त्रं आमच्यावर आली, तेव्हा वसईहून तिची पत्रं येऊ लागली. मुखवटे लावता का, मुलं कशी आहेत? 1992 मध्ये ती पुन्हा कुवेतला गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. आता वसईलाच असते, फोनवर बोलणं होतं. चेतक 2020 पासून विजेवर चालणारी निघाली आहे, भाच्यानं घेतली. ती म्हणाली, ‘बरी आहे गं, पण आवाजच नाही. आल्याचं घरात कळत नाही.’