ब्रह्मी दरबारातील इंग्रज वकील

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद यांपैकी कोणत्याही शहरात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना 'रेसिडेन्सी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. संस्थानिकाच्या राजधानीत इंग्रज सरकारचा जो वकील राहत असे, त्याची ती कोठी. पाहुणा म्हणून आलेला हा वकील पुढे घरधन्याचाच पालक कसा होऊन बसला, हेही आपण जाणतो. ब्रह्मदेशात मात्र ही कथा निराळ्या वळणाने गेली. तेथे रेसिडेंटाचा जम कधी बसलाच नाही. आणि त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण, ऐकून हसू येईल, पण पायांतील जोडे हे होते.

ब्रह्मी राजांनी १७८५ च्या सुमारास आराकान जिंकले आणि त्यांची सरहद्द कंपनी सरकारच्या चितगाव प्रांताला येऊन भिडली. आराकानातून पळालेले लोक चितगावात आश्रय घेत, त्यांच्या पाठोपाठ ब्रह्मी सैनिक येत, आणि कटकटी वाढत. त्या मिटवाव्यात म्हणून गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने १७९५ साली मायकेल साइम्स यास अमरापुऱ्याला वकील म्हणून धाडले. त्याच्यामागून हिरॅम कॉक्स गेला. याच कॉक्सचे नाव पुढे कॉक्सबझार या गावाला मिळाले. ब्रह्मी दरबारात मात्र त्याच्या पदरी अपमानावाचून फारसे काही पडले नाही. मग जॉन कॅनिंग याच्या तीन फेऱ्या झाल्या. निष्पन्न थोडेच.

याचे मूळ समजून घेतले पाहिजे. ब्रह्मी राजाच्या दृष्टीने कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल हा कोणा दूरच्या राजाचा एक सुभेदार होता. सुभेदाराच्या वकिलाला राजाच्या वकिलाचा मान कसा द्यावा? उलट कंपनीला वाटे की, हिंदुस्थानात राजेरजवाडे ज्याच्यापुढे नमतात, त्याच्या प्रतिनिधीला येथे उन्हात तिष्ठत बसवतात ते काय म्हणून? आणि या सगळ्या प्रश्नाला डोळ्यांना दिसणारे रूप आले ते जोड्यांचे. ब्रह्मी लोकांत घरात, देवळात, राजवाड्यात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवण्याची रीत आहे. प्रधानापासून शिपायापर्यंत सर्वांना ती सारखीच लागू होती. दरबारात खुर्ची नसे. खाली बसावे आणि पावले मागे दुमडून घ्यावीत, राजाकडे तळवे होऊ देऊ नयेत. आपल्याकडील कोणालाही यात वावगे वाटणार नाही. इंग्रजाला मात्र अनवाणी होणे म्हणजे मान खाली घालणे वाटे.

१८२४ ते १८२६ चे पहिले युद्ध झाले. यांदाबोच्या तहाने आराकान आणि तेनासरीम इंग्रजांकडे गेले, एक कोटी रुपये दंड बसला, आणि परस्परांच्या दरबारी वकील राहावेत असे कलम पडले. त्यानुसार १८३० मध्ये मेजर हेन्री बर्नी आवा येथे रेसिडेंट झाला. हा मनुष्य भाषा शिकलेला, लोकांत मिसळणारा होता. मणिपूर आणि ब्रह्मदेश यांच्यातील काबो खोऱ्याचा तंटा निघाला, तेव्हा ब्रह्मी पक्षाचे म्हणणे त्याने कलकत्त्यास कळवले आणि १८३४ मध्ये ते खोरे ब्रह्मदेशाला परत मिळाले. वकील चांगला असला म्हणजे काय घडू शकते, याचा हा दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. पण १८३७ मध्ये थारावडीने भावाला पदच्युत करून गादी घेतली आणि यांदाबोचा तह आपणांस बंधनकारक नाही असे जाहीर केले. बर्नी निघून गेला. १८४० मध्ये रेसिडेन्सी बंद पडली. बारा वर्षांनी दुसरे युद्ध होऊन पेगू प्रांतही गेला.

यानंतर गादीवर आलेला मिंडॉन राजा शांत आणि विचारी होता. १८६२ च्या तहानंतर मंडालेत पुन्हा इंग्रज वकील राहू लागला. एडवर्ड स्लेडनसारखे वकील जोडे काढून राजापुढे बसत, राजाही मोकळेपणी बोले. १८७२ मध्ये मिंडॉनने आपला मंत्री किनवुन मिंजी यास विलायतेस पाठवले. हेतू हा की, ब्रह्मदेशाचे संबंध कलकत्त्याशी नव्हेत, थेट लंडनशी असावेत. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, आदरसत्कार झाला. परंतु त्याला राणीपुढे नेले ते परराष्ट्रमंत्र्याने नव्हे, हिंदुस्थानच्या मंत्र्याने. जे सांगायचे ते त्यातून सांगून झाले.

१८७५ मध्ये सर डग्लस फोरसिथ करेन्नीच्या प्रश्नावर मंडालेस गेला. जोडे काढून जमिनीवर बसावे लागल्याबद्दल त्याने तक्रार केली, आणि हिंदुस्थान सरकारने हुकूम काढला की, यापुढे आपल्या रेसिडेंटाने राजापुढे जोडे काढू नयेत. मिंडॉन या एका गोष्टीत हटला नाही. रीत मोडली तर प्रजेत राजाची किंमत काय राहील, हा त्याचा प्रश्न होता. परिणाम असा झाला की, रेसिडेंट मंडालेत राहिला, पण राजाचे तोंड त्याला पुन्हा दिसले नाही. ऐंशी वर्षे जी रीत कुरकुरत का होईना पाळली गेली, ती नेमकी एका समंजस राजाच्या काळात असह्य ठरावी, हे मला तरी समर्थनीय वाटत नाही. विंडसरला गेलेला ब्रह्मी मंत्री विंडसरच्या रीतीने वागलाच होता.

मिंडॉन १८७८ मध्ये वारला. थिबा गादीवर आला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये राजघराण्यातील कित्येकांची कत्तल झाली. रेसिडेंट शॉ याने निषेध केला, पण राजाशी समोरासमोर बोलण्याची वाट आधीच बुजलेली होती. जूनमध्ये शॉ वारला. सप्टेंबरात काबूलला इंग्रज वकील कॅव्हग्नारी मारला गेला. तसेच येथे घडेल या भीतीने ऑक्टोबरात मंडालेची रेसिडेन्सी उठवण्यात आली.

पुढची सहा वर्षे मंडालेत इंग्रजांचा वकीलच नव्हता. बातम्या मिळत त्या आंद्रेइनो या इटालियन वकिलाकडून, आणि हाच गृहस्थ बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत स्थापन झालेल्या सागवानी लाकडाच्या कंपनीचा मुनीम होता! १८८५ मध्ये ब्रह्मी सरकारने याच कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. फ्रेंचांचे वजन वाढत असल्याची धास्ती होतीच. २२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता गेला. वर्गात मी या युद्धाची कारणे विचारली की, मुले फ्रेंच आणि सागवान एवढे बरोबर सांगतात. पण त्या खलित्यातील पहिली मागणी वकिलाची होती: मानहानीकारक विधी न करता त्याला राजापाशी जाता आले पाहिजे. म्हणजे पुन्हा जोडेच. २८ नोव्हेंबरला इंग्रज फौज मंडालेत शिरली. राजाची शरणागती मागण्यास राजवाड्यात गेला तो जुना वकील स्लेडन. थिबाला १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला, आणि खाडीकाठच्या टेकडीवरील त्याचा वाडा कोकणात गेलेल्या पुष्कळांनी पाहिला असेल.

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि राष्ट्रकुलाबाहेर राहिला. म्हणून तेथे ब्रिटनचा हायकमिशनर नव्हे, तर राजदूत आला. लंडनशी बरोबरीचे नाते, ही मिंडॉनची इच्छा शहात्तर वर्षांनी पुरी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर मानाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नव्या राजदूताने लष्करप्रमुखाला अधिकारपत्र सादर करणे म्हणजे त्याला राज्यकर्ता म्हणून मान्यता देणे. ब्रिटनने ते टाळले आणि राजदूताऐवजी कारभारी वकील नेमला. लष्करी सरकारला हे रुचले नाही, आणि जुलै २०२२ मध्ये त्या वकिलाला रंगून सोडावे लागले.