फॉर्म भरून घेतला म्हणजे संशोधन झालं?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला संशोधन पद्धती शिकायला लागलं की जळगाव-धुळ्याचे अनेक विद्यार्थी आधी प्रश्नावली तयार करतात आणि मग विषय शोधतात. सगळा घोळ इथेच होतो. प्रश्न नीट मांडला, की पद्धत त्यातूनच ठरत जाते.

आपली अहिराणीच घ्या. जनगणनेत ती 'खानदेशी' या नावाखाली मोजतात. खानदेशी भाषकांची नोंद २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होती, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. घट झाली, पण कशामुळे? घरात पोरांशी अहिराणी बोलणं थांबलं, की बोलत असूनही नोंदवताना लोकांनी 'मराठी' सांगितलं? तक्त्यात याचं उत्तर नाही. 'आपली मातृभाषा कोणती?' असं गुगल फॉर्मवर विचारलं तर तिथेही माणूस 'मराठी'च लिहू शकतो. त्यासाठी अमळनेर-साक्रीकडच्या घरांत बसून आजी-नातवाचं बोलणं ऐकावं लागेल. अशा अभ्यासाला आधी गृहीतक हवंच, असंही नाही. ऐकता ऐकता ते सापडू शकतं.

'मुलाखती सोप्या, आकडेवारी अवघड' हाही समज सोडून द्या. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात, आणि खरं विश्लेषण त्यानंतर सुरू होतं.

'नमुना मोठा, म्हणजे निष्कर्ष पक्का' हा सर्वांत हट्टी गैरसमज. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या. त्यावरून त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं सांगितलं; रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नावं बरीचशी टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि मंदीच्या त्या दिवसांत गरीब मतदार त्या याद्यांत फारसा नव्हताच. शिवाय ज्यांना पत्रिका गेल्या, त्यांच्यापैकी त्या परत पाठवणारे थोडेच. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेल्या लिंकचंही तेच होतं. पाचशे उत्तरं आली तरी आजी त्यात नसते.

आणि जुन्या कागदांवरचं काम म्हणजे नुसती उतरवणी, असं समजणाऱ्यांनी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जावं. गावोगाव हिंडून कागद मिळवणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ मध्ये ते स्थापन झालं. कागद कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आणि दुसऱ्या कागदाशी तो जुळतो का, हे तपासणं हीसुद्धा काटेकोर पद्धतच आहे.