कळलावी : औषध आणि विष

पावसाळ्यात कुंपणावर कळलावी फुलते. फूल तळाला पिवळे, वर लाल. जणू आगीची ज्वाळाच. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते.

गाऊट नावाच्या सांधेदुखीत बहुधा पायाचा अंगठा एकाएकी सुजतो. रक्तातल्या युरिक आम्लाचे बारीक खडे सांध्यात साचतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि सूज चढते. कोल्चिसीन ही धाव रोखते.

मग कंदच उगाळून घ्यावा का? छे, मुळीच नाही! गोळीत हे द्रव्य सहसा अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दोन हजारावा भाग असते. कंदात किती, ते डोळ्यांना कसे कळणार? कंद खाऊन माणसे दगावली आहेत. कोणी चुकून खाल्लाच, तर ओकारी-जुलाबांची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.