शिट्टी कुठून येते?

अंधेरीच्या स्वामी विवेकानंद रस्त्यावरून किंवा घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गावरून तुम्ही रिक्षाने, टॅक्सीने, शाळेच्या व्हॅनने अनेकदा गेला असाल. पुष्कळ गाड्यांत गाणी लावलेली असतात. एखाद्या गाडीत मात्र गाण्याच्या मागे आणखी एक आवाज ऐकू येतो. बारीक, लांबट, शिट्टीसारखा. सिग्नलला गाडी थांबली की तो आवाज खाली उतरतो. हिरवा दिवा लागून गाडीने वेग घेतला की तोही वर चढतो. गाणे बदलले तरी तो बदलत नाही. जणू गाडीत कोणीतरी दडून बसले आहे आणि शिट्टी वाजवत आहे.

चालक म्हणतो, "सेट खराब झाला." तो नवा सेट घेतो. दिवसभर गाडी चालवून साठवलेले पैसे त्यात जातात. नवा सेट बसतो, गाडी सुरू होते आणि शिट्टी पुन्हा वाजू लागते! कारण शिट्टी सेटमध्ये नव्हतीच. ती दुसरीकडून येत होती. ती कुठून येते आणि आत कशी शिरते, हे आज आपण पाहू.

आधी आवाज नीट ऐकायला शिकले पाहिजे. आवाज दाखवणारे शब्द मराठीत भरपूर आहेत. खरखर, घरघर, गुणगुण, टकटक, कटकट, घूं, सूं, कर्र. हे शब्द नुसते गमतीचे नाहीत. गॅरेजमध्ये त्यांचा खरा उपयोग होतो. "आवाज येतो" एवढेच सांगितले तर उस्तादांना काहीच कळत नाही. पण "वेग वाढवला की सूं असा आवाज चढत जातो" असे सांगितले तर त्यांना अर्धे उत्तर मिळते.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी सलग शिट्टी बहुधा अल्टरनेटरची असते. इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होणारी टकटक ही स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची असू शकते. इंजिनाचा वेग कितीही असो, एकसारखी राहणारी बारीक सूं बऱ्याचदा मोबाइलच्या स्वस्त चार्जरची असते. वायपर किंवा पंखा चालू केल्यावरच घरघर ऐकू आली, तर त्याच्या मोटरकडे पाहावे.

ठिणगीची तक्रार फार जुनी आहे. 1930 साली अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ तयार केला. त्यांची मोठी अडचण हीच होती. इंजिनातली प्रत्येक ठिणगी स्वतःच एक लहानशी रेडिओलहर सोडते. रेडिओ ती पकडतो आणि गाण्यात मिसळतो. त्या रेडिओला त्यांनी 'मोटोरोला' हे नाव दिले. पुढे कंपनीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात. म्हणून डिझेलच्या बसमध्ये टकटक ऐकू आली, तर दोष दुसरीकडे शोधावा लागतो.

आता शिट्टीकडे वळू.

गाडीत बॅटरी असते, हे तुम्हांला माहीत आहे. पण बॅटरी एकटी दिवसभर पुरणार नाही. इंजिन फिरते तेव्हा एक पट्टा अल्टरनेटर नावाचे यंत्र फिरवतो. हे यंत्र वीज तयार करते. त्या विजेवर दिवे लागतात आणि बॅटरीही भरली जाते. रिक्षाच्या लहान इंजिनात हेच काम फिरणारी लोहचुंबके करतात. तत्त्व एकच आहे.

अल्टरनेटरची वीज उलटसुलट वाहणारी असते. गाडीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज हवी असते. म्हणून अल्टरनेटरमध्ये डायोड नावाचे भाग बसवलेले असतात. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. वीज तिथून जाऊ शकते, परत येऊ शकत नाही. तरीही डायोडमधून बाहेर पडलेली वीज तळ्याच्या पाण्यासारखी सपाट नसते. तिच्यावर बारीक लाटा राहतात. बॅटरी त्यातल्या पुष्कळशा लाटा शोषून घेते, पण सगळ्या नाही.

या लाटा किती असतात? थोडे गणित करू. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात 36 लाटा तयार होतात. इंजिन संथ चालते तेव्हा ते मिनिटाला सुमारे 900 फेरे घेते. पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या दुप्पट वेगाने फिरतो असे समजा. म्हणजे मिनिटाला 1800 फेरे, सेकंदाला 30 फेरे. 30 गुणिले 36 म्हणजे सेकंदाला 1080 लाटा. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपने ऐकू येतात. म्हणून या 1080 लाटा स्पीकरपर्यंत पोहोचल्या, तर त्या शिट्टी होऊन ऐकू येतात. इंजिनाचा वेग दुप्पट केला की लाटा 2160 होतात आणि शिट्टी बरोबर एक सप्तक वर जाते. हार्मोनियमवर खालच्या 'सा'वरून वरच्या 'सा'वर जावे, तसे. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे वेगळे असतात, पण हिशेब हाच.

मग या लाटा गाण्यात कशा शिरतात? याचे उत्तर बहुतेक वेळा 'अर्थ' या शब्दात असते. हा मराठीतला अर्थ नव्हे, ज्याला तुम्ही 'मतलब' म्हणता. गॅरेजमधला 'अर्थ' म्हणजे विजेचा परतीचा रस्ता. घरात प्रत्येक दिव्याला दोन वायरी लागतात. गाडीत बऱ्याच ठिकाणी एकच वायर दिसते. बॅटरीकडून वीज वायरीतून जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. सांगाडा हीच दुसरी वायर. त्याला वायर जिथे बोल्टने घट्ट बसवतात, त्या जागेला 'बॉडी अर्थ' म्हणतात.

हा जोड स्वच्छ असेल तर सारे ठीक चालते. पण मुंबईत तो स्वच्छ राहणे कठीण आहे. एका बाजूला समुद्र, हवेत मीठ, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. लोखंडाला तांबडा जंग चढतो. तांब्याच्या तारेवर हिरवट थर बसतो. त्याला मराठीत 'जंगाल' म्हणतात. उर्दूतला 'जंगार' तो हाच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. उपनगरांत हजारो गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीचे इंजिन दुरुस्त होते, गाद्या वाळतात, पण सीटखालच्या त्या बोल्टकडे कोण पाहतो? पाणी ओसरल्यावरही गंज आपले काम करत राहतो. इतका पूर नेहमी येत नाही हे खरे. पण दरवर्षी पाणी साचणाऱ्या सबवेतून जाणाऱ्या गाडीलाही हेच भोगावे लागते.

गंजलेला जोड विजेला अडवतो. ही अडवणूक दिसायला क्षुल्लक असते. समजा, ती फक्त 0.02 ओहम आहे आणि तिथून 10 अँपिअर वीज जात आहे. दोन्हींचा गुणाकार करा. 0.2 व्होल्ट उत्तर येईल. बॅटरीच्या 12 व्होल्टपुढे हे काहीच नाही. पण सेटकडून ॲम्प्लिफायरकडे जाणारे गाणे विजेच्या रूपात असते आणि तेच मुळी एक-दोन व्होल्टचे असते. त्याच्याशी तुलना केली तर 0.2 व्होल्ट फार झाले.

सेट पुढे असतो आणि त्याचा अर्थ पुढच्या बोल्टला असतो. ॲम्प्लिफायर मागच्या सीटखाली असतो आणि त्याचा अर्थ तिथल्या गंजलेल्या बोल्टला. दोघांची 'जमीन' एका पातळीवर राहत नाही. दोघांना जोडणारी गाण्याची वायर मध्ये असते. हा पातळीतला फरक लाटांबरोबर हलत राहतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाच गाणे समजतो! तो इमानदारीने ते मोठे करून स्पीकरला देतो. ॲम्प्लिफायर नसलेल्या साध्या गाडीतही सेटचा अर्थ सैल झाला तर शिट्टी येऊ शकते.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. तुमच्या शाळेच्या व्हॅनमध्ये अशी शिट्टी येते असे समजा. गाडी उभी असताना व्हॅनवाल्या चाचांना विनंती करा, "चाचा, मी सांगतो तसे जरा करून पाहता का?" तुम्ही फक्त कान द्यायचे. इंजिनाच्या झाकणाखाली हात घालायचा नाही. फिरत्या पट्ट्यात बाही किंवा ओढणी क्षणात अडकते.

पहिल्यांदा सेट पूर्ण बंद करायला सांगा, इंजिन चालू ठेवून. आवाज तरीही येतो? मग तो स्पीकरचा नाहीच. पट्टा सैल असेल किंवा बेअरिंग झिजले असेल. आवाज थांबला तर पुढे जा. आता इंजिन बंद आणि सेट चालू. शिट्टी नाही, म्हणजे तिचा इंजिनाशी संबंध आहे. मोबाइलचा चार्जर काढून पुन्हा इंजिन सुरू करा. कित्येकदा शोध इथेच संपतो आणि खर्च काहीच होत नाही.

संपला नाही, तर सगळ्यांत उपयोगी परीक्षा करा. इंजिन चालू ठेवून सेटचा आवाज अगदी शून्यावर आणा. गाणे थांबले, पण शिट्टी तेवढीच राहिली? मग ती आवाजाच्या बटणाच्या पुढे कुठेतरी शिरते आहे. म्हणजे ॲम्प्लिफायर, त्याचा अर्थ किंवा मधली वायर. शिट्टीही गाण्याबरोबर कमी होत गेली, तर ती बटणाच्या आधी शिरते आहे. फक्त रेडिओवरच येत असेल, तर एरियलची वायर आणि तिचा जोड पाहावा. अशा रीतीने एका बटणाने अर्धी गाडी निर्दोष ठरते. उरलेल्या अर्ध्या भागातच शोधायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र पाळला पाहिजे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि शिट्टी गेली, तर ती कशाने गेली हे कळत नाही.

पुढचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे आहे. तो ॲम्प्लिफायरच्या अर्थपासून सेटच्या अर्थपर्यंत एक जाड वायर तात्पुरती लावून पाहतो. शिट्टी गेली किंवा कमी झाली की चोर सापडला. मग बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवायची, बोल्ट काढायचा, रंग आणि जंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसू द्यायचे, वायरीचे टोक स्वच्छ करायचे आणि घट्ट आवळायचे. वरून थोडे ग्रीस लावले की ओलावा लांब राहतो. गाण्याची वायर आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने नेली असेल तर वेगळ्या बाजूंनी न्यावी. बाजारात शिट्टी गाळणारे फिल्टरही मिळतात. ते वाईट नाहीत, पण गंजलेला बोल्ट तसाच ठेवून फिल्टर बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखे आहे.

दोन गोष्टी कधीही करू देऊ नका. "अल्टरनेटर चालतो का पाहू" म्हणून काही जण चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढतात. त्या क्षणी विजेचा दाब एकदम उसळतो आणि सेट, अल्टरनेटर, इंजिनाचा संगणक यांपैकी काहीही जळू शकते. आणि फ्यूज उडाला तर त्याच्या जागी साधी तार गुंडाळायची नाही. फ्यूज जळतो म्हणून गाडी जळत नाही.

कधी कधी सारे जोड स्वच्छ असूनही शिट्टी वाढत जाते. रात्री दिवे किंचित थरथरतात. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. अशा वेळी अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसावेत. त्यावरच्या लाटाही मल्टिमीटरने मोजता येतात. त्या अर्ध्या व्होल्टहून अधिक भरल्या तर डायोड तपासायलाच हवा. नाहीतर बॅटरी नीट भरत नाही आणि एखाद्या पावसाळी संध्याकाळी, वायपर आणि दिवे दोन्ही चालू असताना, मुलांनी भरलेली व्हॅन जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मध्येच बंद पडते. चाचांना शिट्टीबद्दल सांगायचे ते त्याच्या आधी.