ऱ्हँफोसुकस

मगरींच्या (क्रोकोडिलिया) गणातील एक विलुप्त प्रजाती. तिच्यातील ऱ्हँ. क्रॅसिडेन्स या जातीचे जीवाश्म (शिळारूप झालेले अवशेष) हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक खडकांत, मुख्यतः मायोसीन (सु. २·३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) काळातील थरांत आढळतात. हिंगोलीसह महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारे दक्षिण ट्रॅपचे लाव्हाथर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे बरेच आधीचे असल्याने त्यांत हा प्राणी मिळणे संभवत नाही.

ह्यू फाल्कनर व प्रोबी कॉटली यांनी १८४० मध्ये या जातीला नाव दिले. रिचर्ड लिडेकर यांनी १८८६ मध्ये तिच्यासाठी ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. मुस्कट लांब, पण घडियालाच्या मुस्कटाहून भक्कम असून दात जाड आहेत. क्रॅसिडेन्स या नावाचा अर्थही तोच.

अवशेष प्रामुख्याने जबड्यांचे तुकडे व दात यांचेच असल्याने शरीराची लांबी अनुमानानेच ठरवावी लागते. पूर्वी ती १५ ते १८ मी. मानली जाई व हा प्राणी सर्व मगरींत सर्वांत मोठा समजला जाई. परंतु डोके व शरीर यांचे प्रमाण सर्व मगरींत सारखे नसते. लांब मुस्कटाच्या प्राण्याला आखूड मुस्कटाच्या मगरीचे प्रमाण लावल्यास लांबी अवास्तव वाढते. जेसन हेड यांनी २००१ मध्ये ती ८ ते ११ मी. ठरविली. विद्यमान घडियालाची लांबी क्वचितच ६ मी. भरते, हे लक्षात घेता हा आकडाही लहान नाही. मलायातील टोमिस्टोमा ही प्रजाती याची नातलग मानतात. काही संशोधक मात्र याला घडियालाच्या कुलाजवळ ठेवतात.